चूक यंत्राची की थंडीची?

मार्गशीर्ष सरता सरता हैदराबादेत जी पडते तिला थंडी म्हणावे की नाही, याविषयी मतभेद आहेत. नागपूरकर तिला हसतील आणि दिल्लीकर तिची दखलही घेणार नाहीत. पण या दिवसांत आपल्या शहरात हल्ली एक वाद दरसाल रंगतो, आणि तो थंडी आहे की नाही याचा नसून तिच्या आकड्याचा असतो. एकाच्या मोबाइलवर पंधरा अंश, दुसऱ्याच्या गच्चीवरील यंत्रात साडेअकरा आणि वर्तमानपत्रात तेरा! तिघेही एकमेकांना खोटे पाडतात आणि शेवटी सर्वांचे एका गोष्टीवर एकमत होते : ‘सेन्सर बिघडला असेल.’ या निष्कर्षाविरुद्ध माझी तक्रार आहे. ती वाचकांपुढे मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू.

मलकपेठेतील आमच्या गच्चीवर गेली तीन वर्षे एक छोटे हवामानयंत्र आहे. तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि पाऊस या चार गोष्टी ते मोजते आणि दर काही सेकंदांनी खालच्या खोलीतील पडद्याकडे बिनतारी संदेश पाठवते. उन्हाळ्यात ते बिनतक्रार चालते. पावसाळ्यात क्वचित कुरकुरते. खरी परीक्षा होते ती डिसेंबर-जानेवारीत. आर्द्रता शंभरावर अडकते, निरभ्र आकाशातून पाऊस पडल्याची नोंद होते, वारा दहादहा तास शून्यावर राहतो आणि पहाटे पडद्यावर आकड्यांच्या जागी नुसत्या आडव्या रेघा दिसतात. अशा वेळी घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, “टाका ते काढून.” दुकानदार म्हणतो, “सेन्सर बदला.” मला दोन्ही सल्ले मान्य नाहीत.

माझे म्हणणे असे की, थंडीतील बहुतेक चुका लहरी नसतात, त्यांना वेळापत्रक असते. चूक केवळ पहाटे होते, सूर्य वर आल्यावर होते, अष्टौप्रहर सारखीच राहते की अधूनमधून कधीही उपटते, एवढे जरी वहीत टिपले तरी अर्धे निदान झाले. पहाटेची चूक बहुधा दवाची किंवा थकलेल्या सेलची असते. सूर्योदयानंतरची चूक सावलीच्या व्यवस्थेतील असते. सदासर्वकाळ सारखी राहणारी चूक अंशांकनाची असते. मनमानी चूक सैल जोडाची किंवा बिनतारी संदेशाची. वैद्यही औषध देण्यापूर्वी ताप कोणत्या वेळी चढतो, असे विचारतो. मग यंत्राच्या बाबतीतच आपण एवढे उतावीळ का व्हावे?

एक उदाहरण आकड्यांसह देतो. गेल्या हिवाळ्यात आमचे यंत्र पहाटे साडेचारपासून साडेसातपर्यंत खऱ्या तापमानापेक्षा सुमारे दोन अंश अधिक दाखवू लागले. त्याच्याच शेजारी, त्याच सावलीत, मी काचेचा एक साधा तापमापक टांगला होता. काचेत दहा, पडद्यावर बारा. दुपारी मात्र दोघांची गट्टी! सेन्सर जर खरोखर बिघडला असता, तर तो दुपारी कसा सुधारला असता?

आमच्या यंत्रातील तापमान मोजणारा भाग म्हणजे थर्मिस्टर. तापमान उतरले की त्याचा विद्युत्‌रोध वाढतो. नेहमीच्या प्रकारात हा रोध पंचवीस अंशांना १०,००० ओहम, दहा अंशांना सुमारे २०,००० ओहम आणि चाळीस अंशांना अवघा ५,३०० ओहम असतो. आता या थर्मिस्टरकडे जाणाऱ्या दोन तारांच्या जोडावर दव साचले, तर पाण्याच्या त्या पापुद्र्यातून थोडी वीज पाझरते, म्हणजे थर्मिस्टरला समांतर असा दुसरा रोध निर्माण होतो. समांतर जोडणीत एकूण रोध कमीच होतो आणि रोध कमी म्हणजे यंत्राच्या लेखी हवा अधिक उबदार. हा पाझर दोन लाख ओहमचा धरून गणित करून पाहा. चाळीस अंशांना चूक पडते सुमारे पाऊण अंशाहूनही कमी, पंचवीस अंशांना एक अंशाची, पण दहा अंशांना चक्क दोन अंशांची. पाझर तोच, पण हवा गार तितकी चूक मोठी. शिवाय दव पडते तेही नेमके गारव्यातच. दुहेरी संकट म्हणतात ते हेच.

तर्क पडताळून पाहणेही कठीण नव्हते. कडक उन्हाच्या दुपारी त्या जोडावर पाण्याचे चार थेंब सोडले. आकडा सुमारे एक अंशाने वर सरकला आणि जोड वाळताच पुन्हा खाली आला. यंत्र बसवून देणाऱ्याने जोड चिकटपट्टीने नुसता गुंडाळला होता आणि ती पट्टी सैल झाली होती. जोडाला नीट डाख दिला, वरून घट्ट बसणारी नळी चढवली आणि तारेला जोडाच्या खाली एक लोंबता वळसा ठेवला, म्हणजे पाणी ओघळून तेथून ठिबकावे. दुसऱ्या दिवसापासून काच आणि पडदा एकमताने बोलू लागले. नव्या सेन्सरचे पैसे वाचले हे खरे, पण समांतर रोधाचे सूत्र, जे आपण पहिल्या वर्षात परीक्षेपुरते घोकतो, ते कशासाठी असते हे त्या दिवशी कळले, ही कमाई मी मोठी मानतो.

यातूनच आणखी एक खूणगाठ बांधता येते. तार ओली झाली तर थर्मिस्टर उष्ण बाजूला खोटे बोलतो, तार तुटली तर रोध अनंत होतो आणि यंत्र उणे चाळीस वगैरे अचाट थंडी दाखवते. मलकपेठेत उणे चाळीस दिसले तर घाबरू नये, तार चाचपावी.

आर्द्रतेची गोष्ट निराळी. तिचा सेन्सर म्हणजे बाष्प शोषून घेणाऱ्या पातळ थराचा एक विद्युत्‌धारित्र. त्यावर दव धरले की तो शंभराच्या आसपास जाऊन बसतो, आणि वर धुळीचा थर असेल तर धूळ ओल धरून ठेवते, त्यामुळे ऊन चढले तरी आकडा खाली उतरत नाही. पण पहाटे शंभर दिसले म्हणून यंत्र लगेच खोटे ठरत नाही, कारण आपल्याकडे हिवाळ्यातील पहाटे हवा खरोखरच बाष्पाने तृप्त असू शकते. दुपारी बारालाही नव्वदच्या वर राहिले, तर मात्र संशय घ्यावा. त्याची परीक्षा स्वयंपाकघरात होते. एका बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते चिखलासारखे ओले करावे, फार पाणी घालू नये. ते झाकण आणि सेन्सर एका घट्ट झाकणाच्या बरणीत रात्रभर एकत्र ठेवावे. संपृक्त मिठाच्या सान्निध्यात हवेची आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या जवळ स्थिरावते. यंत्र ऐंशी दाखवत असेल तर चूक पाच टक्क्यांची. तापमानाची परीक्षा याहून सोपी. कुटलेल्या बर्फात थोडे पाणी घालून नीट ढवळावे, सेन्सर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यात बुडवावा आणि शून्य येते का पाहावे. एका बरणीत आणि एका तांब्यात होणाऱ्या या परीक्षा टाळून आपण बाजारात धाव घेतो, याला काय म्हणावे?

आता त्या निरभ्र पावसाविषयी. पर्जन्यमापकात लहानशा दोन कप्प्यांचा एक झुलता पाळणा असतो. एक कप्पा भरला की पाळणा कलतो आणि ०.२ किंवा ०.३ मिलिमीटर पावसाची नोंद होते. स्वच्छ, निवांत रात्री नरसाळ्याचा पृष्ठभाग आकाशाकडे उष्णता टाकून भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. त्यावर दव जमते, ओघळते आणि पहाटे एकदा पाळणा कलतो. मराठीत दव, कानडीत इब्बनी, तेलुगूत मंचु आणि आमच्या मोहल्ल्यातील उर्दूत ओस, या चार नावांच्या एकाच पाहुण्याचा हा प्रताप! कॅनडात असलेल्या माझ्या मावसभावाकडे हाच खेळ मोठ्या प्रमाणात चालतो. तेथे बर्फ नरसाळ्यात मुकाट साचते, तेव्हा यंत्र ‘पाऊस नाही’ म्हणते, आणि आठवड्याने लख्ख ऊन पडून ते वितळले की यंत्र मुसळधार पावसाची द्वाही फिरवते. यंत्र खोटे बोलत नाही, पाणी आल्याचेच सांगते. ते आकाशातून कधी आले हे ठरवणे मात्र वाचणाऱ्याचे काम आहे.

सेलचेही तसेच. थंडीत सेलमधील रासायनिक क्रिया मंदावते, आतला रोध वाढतो आणि संदेश पाठवण्याच्या क्षणी दाब एकदम घसरतो. हैदराबादची थंडी ताज्या सेलला काही करत नाही, पण अर्धमेल्या सेलला ती शेवटचा धक्का देते. म्हणून आडव्या रेघा पहाटे पाचला येतात आणि नऊला ऊन लागताच आकडे परत येतात. कॅनडातील मावसभाऊ साध्या अल्कलाइन सेलऐवजी लिथियमचे सेल वापरतो, कारण ते कडाक्याच्या थंडीतही दम धरतात. आपल्याकडे दिवाळीनंतर सेल बदलले आणि संपर्काच्या पट्ट्यांवरील गंज घासून काढला, तरी पुरते.

वाचकहो, येथपर्यंत यंत्राच्या चुकांविषयी बोललो. परंतु ज्यांना आपण चूक म्हणतो, त्यांतील कित्येक गोष्टी चुकाच नसतात. हिवाळ्यातील रात्री वारा पडतो. अगदी मंद झुळुकेने वाटीचा वातमापक हलतच नाही, म्हणून शून्य हे बऱ्याचदा खरेच असते. (मात्र दिवसा झाडाची पाने सळसळत असताना शून्य दिसले, तर आतील वंगण धुळीने घट्ट झाले आहे असे समजावे.) तसेच, हवा स्थिर असली की जमिनीलगत गार आणि वर उबदार असे उलटे थर तयार होतात, आणि गार हवा जड असल्याने सखल भागात उतरून बसते. मग मुसी नदीकाठचा सखल भाग, शर्यतींचे मोकळे मैदान आणि दाटीवाटीच्या गल्लीतील सिमेंटची गच्ची यांचे किमान तापमान एकच कसे असावे? सिमेंटचा स्लॅब दिवसभर प्यालेली उष्णता रात्रभर सोडत राहतो. पटनचेरू आणि राजेंद्रनगर हे बेगमपेठेपेक्षा अनेकदा अधिक गार असतात, यात कोणतेच यंत्र खोटे नसते. दोन आकडे वेगळे म्हणजे एक खोटा, ही समजूतच मुळात चुकीची आहे.

म्हणूनच वेधशाळांनी मोजण्याचे नियम घातले. दीपगृहे बांधणारे अभियंते थॉमस स्टीव्हन्सन यांच्या नावाने ओळखली जाणारी पांढरी, दुहेरी झडपांची लाकडी पेटी आणि जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंची, ही शिस्त त्यासाठीच. घरगुती यंत्राची प्लास्टिकच्या थाळ्यांची सावली हे त्या पेटीचे धाकटे भावंड. वारा नसला की ती दिवसा तापते आणि रात्री हवेहून थोडी अधिक निवते. हिवाळ्यातील सूर्य खालून कलता येत असल्याने सकाळी थाळ्यांच्या फटीतून किरणही आत शिरतात. टाकीची भिंत, स्वयंपाकघराचा धुराडा आणि वातानुकूलन यंत्राचे तोंड यांपासून ती दूर असावी, हे सांगायला नकोच.

कोणी म्हणेल, दोन अंशांचे एवढे अवडंबर कशाला? तर ऐका. भारतीय हवामान विभागाच्या निकषाप्रमाणे मैदानी प्रदेशात किमान तापमान दहा अंश किंवा त्याहून कमी झाले आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंश वा अधिक उतरले, की थंडीची लाट मानतात. हैदराबादचे जानेवारीतील सरासरी किमान तापमान पंधराच्या आसपास आहे. म्हणजे लाट आहे आणि लाट नाही यांमधील अंतर एकदोन अंशांचेच, तेवढेच जेवढे एका ओल्या जोडामुळे चुकते. मोठ्या सरकारी रुग्णालयांबाहेर फुटपाथवर रुग्णांचे नातेवाईक रात्र काढतात. सकाळच्या पाळीची मुले अंधारात बसची वाट पाहतात. त्यांच्यासाठी शेकोटी, कांबळी आणि शाळेची उशिराची वेळ यांचा निर्णय कोणत्या तरी आकड्यावरच होतो. तो आकडा फुगीर असला तर मदत येत नाही. तो विनाकारण खाली गेलेला असला तर आवई उठते, आणि दोनतीन आवया उठल्या की खऱ्या इशाऱ्याकडेही कोणी लक्ष देत नाही.

विक्रमांचेही असेच. बेगमपेठेत ८ जानेवारी १९४६ रोजी ६.१ अंश तापमान नोंदले गेले. तो आकडा आजही हैदराबादचा नीचांक म्हणून सांगितला जातो. हल्ली एखाद्या पहाटे कुणाच्या गच्चीवर पाच पूर्णांक काही तरी दिसते, त्याचे छायाचित्र दहा जणांना जाते आणि संध्याकाळपर्यंत विक्रम मोडलेला असतो! ठराविक पेटीत, ठराविक उंचीवर आणि ठराविक वेळी घेतलेल्या नोंदीशी टाकीशेजारच्या प्लास्टिकच्या थाळ्यांची तुलना कशी होणार?

आणखी एका प्रवृत्तीविषयी मला स्पष्ट बोलायचे आहे. आजच्या यंत्रांत आकड्याला ‘दुरुस्ती’ देण्याची सोय असते. दोन अंश जास्त दिसतात ना, मग दोन वजा करून टाका, झाले काम! पण वरच्या उदाहरणात चूक पहाटे दोन अंशांची, दुपारी शून्याची होती. सरसकट दोन वजा केले असते तर पहाट खरी झाली असती आणि उरलेला दिवस खोटा. बर्फाच्या आणि मिठाच्या परीक्षेत सिद्ध झालेली, कायम सारखी राहणारी चूक असेल तरच ही सोय वापरावी, आणि ती कोणत्या तारखेला वापरली हे लिहून ठेवावे. एरवी संशयित नोंद खोडू नये, सजवूही नये. तिच्यापुढे ‘संशयित’ एवढा शब्द लिहावा. रिकामी जागा लाजिरवाणी नसते, भरलेली खोटी जागा असते.

पुण्यात शिवाजीनगरला ज्या इमारतीला लोक अजूनही सिमला ऑफिस म्हणतात, ते हवामान विभागाचे १९२८ साली शिमल्याहून आलेले कार्यालय. तेथे १९४८ साली रुजू झालेल्या अण्णा मणी यांनी पुढे सुमारे शंभर हवामानयंत्रांचे आराखडे प्रमाणित केले आणि ती देशातच बनावीत यासाठी आयुष्य वेचले. चुकीच्या मोजमापापेक्षा मोजमाप नसलेले बरे, अशी त्यांची धारणा होती. भारतीय यंत्रे जगाच्या तोडीस उतरली ती या हट्टामुळे. आपल्या गच्चीवरील यंत्र लहान असेल, पण हट्ट लहान असण्याचे कारण नाही.

यावर एक आक्षेप येईल : राज्य सरकारच्या स्वयंचलित केंद्रांचे जाळे शहरभर पसरलेले असताना आणि हवामान विभाग आपले काम करत असताना, विद्यार्थ्यांनी हा खटाटोप का करावा? आक्षेप रास्त आहे. सरकारी आकड्याची जागा आपण घेऊ शकत नाही आणि घेऊही नये. पण दवाच्या चार थेंबांनी आकडा कसा हलतो हे ज्याने स्वतः पाहिले आहे, तो मनुष्य पुढे कोणताही आकडा, मग तो तापमानाचा असो, महागाईचा असो वा परीक्षेच्या निकालाचा, डोळे मिटून स्वीकारत नाही आणि डोळे मिटून धुडकावतही नाही. तो विचारतो, कोठे मोजले, केव्हा मोजले, कशाने मोजले? महाविद्यालयीन शिक्षणाने याहून वेगळे काय द्यायचे असते?

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या महाविद्यालयाच्या आवारात, मोकळ्या मातीवर, झडपांची एक पेटी उभारावी. तीत कमाल आणि किमान तापमानाचे साधे काचेचे तापमापक असावेत, आणि शेजारी एखादे स्वयंचलित यंत्र. रोज सकाळी साडेआठला, हवामान विभागाच्या वेळेस, दोन विद्यार्थ्यांनी नोंद घ्यावी. एक मराठी विभागातला असावा आणि एक कानडी विभागातला, म्हणजे दव आणि इब्बनी एकाच वहीत नांदतील. वहीत आकड्यांखेरीज एक रकाना अवश्य असावा, तो म्हणजे शेऱ्याचा. सेल बदलले, जोड ओला होता, थाळ्यांत कोळ्याने घर केले, सुट्टीमुळे नोंद राहिली, सारे त्यात यावे. पाचदहा वर्षांनी आकड्यांचे तक्ते कोणीही काढील, पण त्यांवर विश्वास किती ठेवावा हे तो शेऱ्याचा रकानाच सांगेल.

खर्च फारसा नाही. पहाटे उठण्याचा आळस तेवढा सोडावा लागेल. नाचता येईना त्याला अंगण वाकडे दिसते, आणि मोजता येईना त्याला सेन्सर बिघडलेला दिसतो. पुढच्या पौषात कोणी म्हणाले, “यंत्र बिघडले,” तर आपल्यातील एकाने तरी विचारावे, “किती वाजता?”